बंद पडलं की पास : मोठ्या स्पीडवेवर गाडी उतरवण्याचा माझा अनुभव

अमेरिकेतल्या डेटोना किंवा टॅलाडेगासारख्या मोठ्या स्पीडवेवर स्टॉक कार, म्हणजे दिसायला साध्या गाडीसारखी शर्यतीची गाडी, उतरवायची तर पैसा कुठे जातो, असं बरेच जण विचारतात. उत्तर सोपं आहे, सगळीकडे जातो. पण जीव जातो तो तपासणीच्या रांगेत, आणि त्यातही एका चाचणीपायी, जी लांबून बघणाऱ्याला पोरखेळ वाटते. इंजिन चालू ठेवायचं, अधिकारी कार्ब्युरेटरचं (हवा आणि इंधन मिसळणाऱ्या भागाचं) तोंड झाकतो, आणि इंजिन बंद पडायला हवं. पडलं तर पास. मी छोट्या टीममध्ये इंजिन आणि हिशेब अशा दोन्ही बाजू सांभाळल्या आहेत. कार्ब्युरेटरखाली रिस्ट्रिक्टर प्लेट बसवायचो तेव्हाचं हे सांगतो आहे. शर्यतींच्या मालिकेचं नाव घेत नाही, कारण थोडी कुरकुर करायची आहे.

प्लेट का असते हे आधी कळलं पाहिजे. डेटोना अडीच मैलांचा ट्रॅक, वळणांना ३१ अंशांचा उतार. टॅलाडेगा २.६६ मैलांचा, उतार ३३ अंशांचा. एवढ्या उतारावर ड्रायव्हरला ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलावाच लागत नाही. १९८७ मध्ये बिल एलियटने टॅलाडेगाला पात्रता फेरीत ताशी २१२.८०९ मैल, म्हणजे साधारण ३४२ किलोमीटरचा वेग काढला. त्याच शर्यतीत बॉबी ॲलिसनचा टायर फुटला, गाडी हवेत उडाली आणि प्रेक्षकांसमोरच्या जाळीवर जाऊन आदळली. पुढच्या वर्षापासून या दोन ट्रॅकवर कार्ब्युरेटर आणि मॅनिफोल्ड (सिलिंडरांकडे हवा नेणारा भाग) यांच्यामध्ये चार भोकांची ॲल्युमिनियमची पातळ प्लेट आली. इंजिनाला श्वास कमी, ताकद कमी. साडेसातशेच्या वर हॉर्सपॉवर देणारं इंजिन साडेचारशेच्या आसपास येतं. नॅस्कार ही स्टॉक कार शर्यती भरवणारी संस्था, तिच्या सर्वांत वरच्या मालिकेत २०१९ च्या डेटोना ५०० या मोठ्या शर्यतीनंतर प्लेट गेली आणि निमुळता स्पेसर आला. वस्तू बदलली तरी तिच्यामागचा तर्क बदललेला नाही.

प्लेट टीमची नसते. अधिकारी ती देतात, त्यांच्या डोळ्यांदेखत बसवायची आणि शर्यत झाली की परत करायची. इथपर्यंत सगळं सुरळीत. परवाना, स्पॉटरची (उंचावरून ट्रॅक बघून ड्रायव्हरला रेडिओवर सांगणाऱ्याची) नोंद, वजनकाटा, बॉडीची मापं यांत नीट तयारी असेल तर कोणी अडवत नाही. घोडं पेंड खातं ते पुढे.

सगळी हवा प्लेटच्या भोकांतूनच गेली पाहिजे हा नियमाचा गाभा. मोठ्या आरपीएमला प्लेटखाली दाब बराच कमी होतो, त्यामुळे तिथे सुईच्या टोकाएवढी फट असली तरी बाहेरची हवा आत ओढली जाते. ती फुकटची ताकद. सगळेच पूर्ण थ्रॉटलवर असलेल्या ट्रॅकवर दोन-चार हॉर्सपॉवरलाही किंमत असते, म्हणून अधिकारी कडक असतात, आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही. शिवाय अशी फट टीमच्याही हिताची नाही. ज्या सिलिंडरजवळ फटीतून हवा शिरते त्याच्या मिश्रणात इंधन कमी पडतं आणि बराच वेळ पूर्ण थ्रॉटलवर राहिलं की पिस्टन जळतो.

राग येतो तो चाचणीच्या आंधळेपणाचा. तोंड झाकूनही इंजिन ढुकूढुकू चालत राहिलं की नापास. हवा कुठून आली हे कोणी सांगत नाही, कागदावर एकच शब्द येतो. आणि सगळ्यात चीड आणणारी जागा म्हणजे थ्रॉटल शाफ्ट, कार्ब्युरेटरमधली हवेची झडप फिरवणारा दांडा. कार्ब्युरेटर जुना झाला की शाफ्टची बुशिंग झिजतात आणि तिथून हवा शिरते. पण ती शिरते प्लेटच्या वर. म्हणजे तिलाही प्लेटच्या भोकांतूनच जावं लागतं, फायदा शून्य. चाचणीला मात्र वरची गळती आणि खालची गळती यांतला फरक कळत नाही. अधिकाऱ्याला हे समजावून सांगितलं तर तो शांतपणे म्हणतो, "इंजिन बंद पडलं पाहिजे." वाद घालण्यात वेळ जातो आणि मागची गाडी पुढे सरकते. सरळ गॅरेजकडे वळावं, शाफ्ट हाताने वर-खाली हलवून बघावा. बोटाला खेळ जाणवला तर कार्ब्युरेटर बदलावा. चाचणीपुरता दुसरा कार्ब्युरेटर आणून भागत नाही, जो बसवाल त्यावरच शर्यत. म्हणून दोन कार्ब्युरेटर सारख्याच जेटिंगचे (इंधनाच्या भोकांच्या मापाचे), डायनोवर (इंजिनाची ताकद मोजणाऱ्या यंत्रावर) तपासलेले, ट्रकमध्ये हवेत. हा खर्च अंदाजपत्रकात कोणी धरत नाही.

शाफ्ट घट्ट असेल तर खाली उतरायचं. पहिला संशय प्लेटच्या वर-खालच्या गॅस्केटवर, म्हणजे जोडातून हवा जाऊ न देणाऱ्या पातळ थरावर. एकदा दाबलेलं गॅस्केट पुन्हा वापरायचं नाही, कितीही नवं दिसलं तरी. नट एका बाजूने आवळत गेलं की कार्ब्युरेटरची फ्लँज (खालची सपाट कड) वाकते आणि समोरचा कोपरा उचलला जातो. सगळे नट आधी हाताने टेकवावेत, मग कर्णात, दोन-तीन टप्प्यांत, टॉर्क रेंचने. इथे जोर उपयोगाचा नाही, सारखेपणा हवा. फ्लँजवर सरळ पट्टी उभी धरून खालून फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) सरकवून बघितलं की वाकलेला कोपरा लगेच सापडतो.

त्यानंतर मॅनिफोल्डवरची छोटी तोंडं. व्हॅक्यूमच्या नळ्यांना रबरी टोपणं लावलेली असतात, ती उष्णतेने तडकतात. आट्यांचे प्लग लावून टाकावेत, विषय संपतो. मॅनिफोल्डचे काही बोल्ट आरपार आत उघडतात, त्यांच्या आट्यांना सीलंट लावलं नसेल तर हवा आट्यांतून वळसे घेत शिरते. इंधन इंजेक्शनवाल्या गाडीत हाच त्रास इंजेक्टरच्या ओ-रिंगचा. कोरडी ओ-रिंग बसवताना पिळली जाते, म्हणून तेलाचं बोट फिरवूनच बसवायची.

सर्वांत वाईट गळती बाहेरून दिसतच नाही. व्ही-आठ इंजिनाच्या हेडला मशीनिंग केलेलं असेल आणि मॅनिफोल्डचा कोन त्याप्रमाणे साधलेला नसेल, तर गॅस्केट वरून घट्ट आणि खालून सैल बसतं. मग इंजिन हवा घेतं ती बाहेरून नव्हे, खालच्या लिफ्टर व्हॅलीतून (इंजिनाच्या आतल्या, दोन्ही बाजूंच्या सिलिंडरांमधल्या पोकळीतून), तेलाच्या वाफेसकट. फट शोधायला बाहेरून कितीही फवारे मारा, इंजिनाचा आयडलचा वेग ढिम्म हलत नाही. मॅनिफोल्ड काढल्यावर पोर्टच्या खालच्या कडेला तेलाचा काळा ओघळ दिसतो, ती खूण. हे ट्रॅकवर शोधणं म्हणजे नाकी नऊ येणं. वर्कशॉपमध्येच रॉकर (व्हॉल्व्ह दाबणारे दांडे) सैल करून सगळे व्हॉल्व्ह बंद होऊ द्यावेत, कार्ब्युरेटरच्या जागी तबकडी लावून मॅनिफोल्डमध्ये धुराचं यंत्र जोडावं आणि ब्रीदर (इंजिनातली वाफ बाहेर सोडणारी तोंडं) उघडे ठेवावेत. ब्रीदरमधून धूर भसकन आला तर मॅनिफोल्ड काढून कोन दुरुस्त करायचा. व्हॉल्व्ह उघडे ठेवून हीच परीक्षा केली तर पिस्टनच्या रिंगांमधूनही थोडा धूर झिरपतो आणि उगाच दिशाभूल होते.

गॅरेजमध्ये घाईत काही जण कार्ब क्लीनरचा फवारा मारून फट शोधतात. गरम हेडरच्या (एक्झॉस्टच्या नळ्यांच्या) इतक्या जवळ ज्वालाग्राही फवारा मारणं हा शुद्ध वेडेपणा आहे. धुराचं यंत्र ट्रकमध्येच ठेवावं, ते नसेल तर साबणाचं पाणी आणि अगदी हलका हवेचा दाब.

वेळेचंही एक गणित आहे. ॲल्युमिनियम थंड असताना आकसतं, गरम झालं की फुगतं. काही फटी थंड इंजिनात उघड्या आणि गरम इंजिनात बंद असतात, काहींचं उलट. म्हणून घरची चाचणी दोन्ही वेळा करायची, थंड असताना आणि तेल पूर्ण तापल्यावर. चाचणीत तोंड झाकायच्या झाकणाचा रबरही बघावा. कार्ब्युरेटरच्या माथ्यावर एअर क्लीनरचा स्टड उभा असेल तर रबर नीट टेकत नाही आणि नसलेली गळती दिसते. स्टड काढूनच रांगेत जायचं.

नापास झालं की पुन्हा रांगेच्या शेवटी. प्लेट काढायची तर अधिकारी हजर हवा, तो मोकळा होईपर्यंत नुसतं उभं राहायचं. एवढ्यात सरावाचा वेळ संपत येतो. याचं फार वाईट वाटून घेऊ नये, हे मला उशिराच पटलं. मोठ्या स्पीडवेवर छोट्या टीमने घोळक्यातला सराव टाळलेलाच बरा. एकट्याने चार फेऱ्या मारून पाण्याचं तापमान, तेलाचा दाब आणि कंपन बघितलं की पुरे. सरावात गाडी ठोकली तर शर्यतीआधीच खिशाला चाट, आणि राखीव दुसरी गाडी सगळ्यांकडे नसते.

आता खर्चाचं. इंजिन बहुतेकदा भाड्याचं, आणि भाड्याच्या करारात शर्यतीनंतरची बांधणी कोणाच्या माथी आहे हे आधी वाचावं. नॅस्कारच्या वरच्या मालिकांत गुडइयरचे टायर विकत मिळत नाहीत, भाड्यानेच घ्यायचे आणि परत करायचे. सेटमागे दोन हजार डॉलरच्या वर धरून चालावं. डेटोना आणि टॅलाडेगाचा पृष्ठभाग गुळगुळीत, टायर कमी घासतात, त्यामुळे इथे टायरचं बिल खरखरीत ट्रॅकपेक्षा हलकं येतं. पण ते वाचलेले पैसे बॉडीच्या एका बाजूच्या पत्र्यालाही पुरत नाहीत. घोळक्यात एक गाडी फिरली की मागच्या पंधरा-वीस सापडतात, आणि त्यात तुमची चूक असायलाच हवी असं नाही. म्हणून अंदाजपत्रकात गाडी शाबूत परत येईल असं धरायचं नाही. मी पूर्ण पुढचा भाग गेला असं धरूनच आकडे मांडतो.

सुरक्षेच्या सामानाच्या तारखा हाही एक लपलेला खर्च. एसएफआय या सुरक्षा मानकाचे हार्नेसचे पट्टे (ड्रायव्हरला सीटला बांधणारे) आणि खिडकीची जाळी यांचं आयुष्य बनवल्यापासून दोन वर्षं, इंधन टाकीच्या आतल्या पिशवीचं पाच. पट्ट्यावरच्या छोट्या शिक्क्यात महिना आणि वर्ष भोक पाडून दाखवलेलं असतं. दुकानात वर्षभर पडून राहिलेला पट्टा स्वस्त मिळतो, पण त्याचं निम्मं आयुष्य तिथेच गेलेलं असतं. तपासणीत तारीख उलटलेली निघाली तर कोणी ऐकून घेत नाही, आणि ट्रॅकवर नवा पट्टा छापील किमतीलाच मिळतो. ड्रायव्हर डेल अर्नहार्ट २००१ च्या डेटोना ५०० मध्ये अपघातात गेला. मान सांभाळणारं हॅन्ससारखं साधन त्याच वर्षी नॅस्कारने सक्तीचं केलं. त्याची मुदतही बघून ठेवा.

मिळतं काय? १९५९ च्या पहिल्या डेटोना ५०० मध्ये जिंकणाऱ्या ली पेटीला १९,०५० डॉलर मिळाले, तेही निकाल ठरायला तीन दिवस लागल्यावर. २०२५ च्या डेटोना ५०० च्या बक्षिसांची एकूण रक्कम ३,०३,३१,२५० डॉलर होती. हा आकडा बघून कोणी हुरळून जाऊ नये. २०१६ मध्ये चार्टर पद्धत (ठराविक गाड्यांना प्रत्येक शर्यतीत हमखास जागा) आली, त्यानंतर कोणाच्या वाट्याला किती हे जाहीर होत नाही, आणि चार्टर असलेल्या ३६ गाड्यांचा वाटा बाकीच्यांपेक्षा बराच मोठा असतो. खालच्या मालिकांत बक्षिसावर शर्यत निघत नाही, प्रायोजकावरच निघते. आणि प्रायोजकाला हवा असतो टीव्हीवर दिसणारा वेळ.

इथे मोठा स्पीडवे छोट्या टीमवर मेहेरबान असतो. ड्राफ्टमध्ये, म्हणजे पुढच्या गाडीच्या मागे हवेच्या सावलीत, सामान्य गाडीही पहिल्या रांगेत टिकते. दुसऱ्या ट्रॅकवर जी गाडी दोन फेऱ्या मागे पडेल ती इथे शेवटपर्यंत घोळक्यात असते. ब्रॅड केसेलोवस्की २००९ मध्ये टॅलाडेगाला छोट्या टीमच्या गाडीत जिंकला. मायकेल मॅकडॉवेलची वरच्या मालिकेतली पहिली जीत ३५८ व्या शर्यतीत आली, ती २०२१ च्या डेटोना ५०० मध्ये. जस्टिन हेली २०१९ च्या जुलैमध्ये डेटोनाला जिंकला, कारण पाऊस आला तेव्हा तो पुढे होता. प्रायोजकाशी बोलताना जिंकण्याचं आश्वासन देऊ नये, ही तीन उदाहरणं ठेवावीत आणि शेवटच्या वीस फेऱ्यांत घोळक्यात असू एवढंच म्हणावं. मी तरी तेवढंच कबूल करतो.

राहून गेलेल्या दोन गोष्टी. फेंडरवर (चाकावरच्या पत्र्यावर) लावलेल्या कंपन्यांच्या छोट्या स्टिकरांचे पैसे आपोआप येत नाहीत. स्टिकर ठरल्या जागी, ठरल्या मापाचं आणि तपासणीच्या वेळी लावलेलं हवं, शिवाय नोंदणी आधी केलेली हवी. आणि शर्यतीत पाण्याचं तापमान अचानक चढू लागलं तर आधी ग्रिलवर कागद किंवा प्लास्टिक चिकटलंय का हे स्पॉटरला विचारा. पुढच्या गाडीच्या अगदी मागे जायचं आणि मग बाजूला सरकायचं, हवेचा झोत बदलला की कचरा बहुतेक वेळा निघून जातो. नाही निघाला तर गाडी पिटमध्ये (ट्रॅकलगतच्या थांब्यावर) आणावीच लागते, आणि पिट रोडवर मर्यादा ताशी ५५ मैल. गाडीत स्पीडोमीटर नसतो, तेव्हा कोणत्या गिअरला किती आरपीएम म्हणजे ५५, हे आधीच डॅशवर टेपने लिहून ठेवा.