कसारा घाट, डिझेलमधलं पाणी आणि एक लाख सत्त्याऐंशी हजारांचं एस्टिमेट

आधी निकाल सांगतो. मुंबईत रात्रभर धो धो पाऊस पडलाय आणि सकाळी घाट चढायचाय, तर सखल भागातल्या पंपावर डिझेलची टाकी फुल करू नका. आदल्या दिवशीच भरून ठेवा, नाहीतर शहराबाहेर उंचावरच्या, गर्दीच्या पंपावर भरा. आणि गाडीत डिझेल फिल्टरचा दिवा लागला की इंजिन बंद करा. पुढच्या ढाब्यापर्यंत जाऊ, एवढा घाट चढून घेऊ, हे काहीही करू नका.

आम्ही मुलुंडहून भंडारदऱ्याला निघालो होतो. आई-बाबा मागे, बायको शेजारी. टॉर्च, त्रिकोण, रेनकोट हे पावसाळ्यात गाडीत असतंच, त्यावर शब्द घालवत नाही. पूर्व उपनगरातल्या ज्या पंपावर चाळीस लिटर डिझेल घेतलं, तिथे रस्त्याच्या कडेला पाण्याची ओल अजून गुडघ्याएवढी दिसत होती. मी तिथल्या माणसाला विचारलंही, की टाकीत पाणी गेलं नाही ना? त्याने डेन्सिटीच्या, म्हणजे डिझेलच्या घनतेच्या बोर्डाकडे बोट दाखवलं. "साहेब, सकाळीच चेक केलंय, आकडा बघा."

हीच ती फसवणूक, म्हणून नीट सांगतो. डिझेल पाण्यापेक्षा हलकं असतं आणि पाण्यात मिसळत नाही. पंपाच्या जमिनीखालच्या टाकीत पावसाचं पाणी झाकणातून किंवा भरायच्या पाइपाच्या तोंडातून उतरलं, की ते तळाशी जाऊन बसतं. डिझेल उपसणारा पाइप तळापासून थोडा वर असतो, त्यामुळे पाण्याची पातळी तिथवर येईपर्यंत नोझलमधून चांगलंच डिझेल येतं. टँकर रिकामा होत असेल तर तळ ढवळला जातो आणि तेच पाणी वर येतं. तेव्हा सकाळच्या रीडिंगचा आकडा डिझेलमध्ये रॉकेल किंवा दुसरी भेसळ आहे का ते ओळखायला कामाचा, दुपारी तुमच्या टाकीत पाणी जातंय का ते त्याला कळत नाही. पंपावर विचारायचं ते वेगळंच आहे: डिपच्या पट्टीला, म्हणजे टाकीची पातळी मोजायच्या लांब पट्टीला, वॉटर पेस्ट लावून तळ तपासलाय का? ही पेस्ट पाणी लागलं की तेवढ्या भागात रंग बदलते. दोन मिनिटांचं काम आहे. टाळाटाळ केली तर गाडी काढा. टँकर उभा असेल तर विचारायचीही गरज नाही, पुढे चला.

पडघा, आसनगाव, शहापूर, काहीच झालं नाही. आटगावच्या पुढे गाडी हलके झटके द्यायला लागली, पिकअप पडला. खर्डीच्या पुढे फिल्टरचा पिवळा दिवा लागला, त्यातलं थेंबाचं चिन्ह अगदी स्पष्ट. थांबायला शेवटची बरी जागा कसारा गावच्या आसपास आहे. त्यानंतर घाट सुरू होतो आणि अर्ध्या चढावर, धुक्यात, डावीकडे जेमतेम एका गाडीची जागा असताना मागून कंटेनर येत राहतात. आमची गाडी त्या चढावरच बंद पडली. आधी सायलेन्सरमधून पांढरा धूर आला, मग पॉवर गेली, मग इंजिनच थांबलं. चढावर टाकीतलं पाणी एका बाजूला सरकून सक्शनच्या तोंडाशी येतं, सपाट रस्त्यावर जे निभावलं ते चढावर निभावत नाही.

हा पट्टा मी विसरणार नाही. आई-बाबांना कठड्यापलीकडे उभं केलं, चाकांना दगड लावले. एक ट्रकवाला थांबून म्हणाला, "सेल्फ मारत राहा, निघेल." हे अजिबात ऐकू नका. आताच्या कॉमन रेल गाड्यांत, म्हणजे एकाच दाबाच्या नळीतून (रेल) सगळ्या इंजेक्टरना डिझेल पुरवणाऱ्या गाड्यांत, हाय प्रेशर पंपाला वंगण मिळतं ते डिझेलचंच. पाणी गेलं की पंप कोरडा घासतो आणि इंजिनात डिझेल फवारणाऱ्या इंजेक्टरच्या केसाएवढ्या भोकांना गंज लागतो. प्रत्येक सेल्फबरोबर पाणी आणखी पुढे ढकललं जातं. दुसऱ्याने टाकीत स्पिरिट ओतायला सांगितलं. त्यानेही हेच होतं, पाणी विरघळून थेट इंजेक्टरपर्यंत पोचतं. थेंबभर ओल असेल तर गोष्ट वेगळी, इथे लिटरच्या हिशोबात पाणी होतं.

एक खाजगी क्रेनवाला पाच मिनिटांत हजर झाला. घोटीपर्यंत नऊ हजार. अंतर वीस किलोमीटरच्या आतलं. धुक्यात म्हातारी माणसं भिजत उभी आहेत हे बघून हा दर लावतात, आणि लोक देतात. देऊ नका. राष्ट्रीय महामार्गाची हेल्पलाइन 1033 लावा. हायवेची गस्तीची गाडी आली, त्यांच्या क्रेनने घाटाच्या वर घाटनदेवीच्या पुढे आणून सोडलं आणि एक रुपया घेतला नाही. तिथून पुढे विम्यातली रोड साइड असिस्टन्स. फ्लॅटबेडच मागा, म्हणजे अख्खी गाडी वर चढवून नेणारा ट्रक. पॉलिसीत किती किलोमीटर फुकट आहेत ते निघण्यापूर्वी वाचून ठेवा, क्रेनवाल्याशी भांडताना ते शोधायला वेळ नसतो.

इगतपुरीत एका मेकॅनिकने फिल्टरखालचा ड्रेन स्क्रू सैल केला आणि खाली पाण्याची रिकामी पारदर्शक बाटली धरली. पहिला घोट पूर्ण पाणी. मग गढूळ, ताकासारखं काहीतरी. बाटली बॉनेटवर स्थिर ठेवली तर काही मिनिटांत मधोमध रेघ उमटली, वर पिवळसर डिझेल, खाली पाणी, आणि तळाशी तपकिरी गंजाचे कण. मेकॅनिक म्हणाला, "काका, ही बाटली टाकू नका, हाच तुमचा पुरावा." त्याचं म्हणणं सोन्यासारखं खरं ठरलं. बाटलीवर तारीख, वेळ, गाडीचा नंबर लिहा, तिघांसमोर फोटो काढा आणि डिझेलचं बिल सोबत ठेवा.

नुसता फिल्टर रिकामा करून गाडी चालवू नका, टाकीत आणखी पाणी असतंच. आई-बाबांना टॅक्सीने भंडारदऱ्याला पाठवलं. तिथले दिवस छान गेले, त्यावर लिहिण्यासारखं काही नाही. गाडी मुंबईला आली.

आता दुसरी लूट. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरने स्कॅनर लावला आणि एस्टिमेट दिलं: टाकी, हाय प्रेशर पंप, रेल, चारही इंजेक्टर, पाइप, मिळून एक लाख सत्त्याऐंशी हजार. एकही इंजेक्टर काढून तपासला नव्हता. विचारलं तर उत्तर, "पाणी गेलं की पूर्ण सेट बदलावा लागतो." खोटं आहे. दूषित डिझेलचं नुकसान वॉरंटीत धरत नाहीत, म्हणून सगळं तुमच्या खिशातून, आणि म्हणूनच त्यांना घाई. मी सही केली नाही.

कुर्ल्याला सीएसटी रोडच्या बाजूला डिझेल पंप-नोझलची कामं करणारे आहेत. तिथे टाकी उतरवून धुतली, लाइनमधून चांगलं डिझेल फिरवलं, फिल्टर बदलला, पंप उघडून लोखंडाचा चुरा आलाय का पाहिलं. आला नव्हता. हे सगळ्यात महत्त्वाचं. पंपात चुरा सापडला तर रेल आणि इंजेक्टरही गेले समजा, तेव्हा मोठा खर्च खरा. इंजेक्टर तपासणीच्या बेंचवर लावले, एकाचा रिटर्न (न फवारता परत जाणारं डिझेल) जास्त होता, तेवढाच बदलला. बाकी तीन स्वच्छ करून परत. एकूण बत्तीस हजारांच्या आत काम झालं, आणि काढलेले सगळे पार्ट माझ्या हातात दिले. काम करून घेताना समोर उभे राहा आणि चाचणीचा कागद मागा. गाडी घेताना सिस्टिममधली हवा नीट काढलीय ना ते बघा. टाकीत इलेक्ट्रिक पंप असेल तर चावी फिरवून थांबायचं, बंद करायची, पुन्हा फिरवायची. मगच सेल्फ.

समृद्धीने जायचं म्हणत असाल तर डिझेलबद्दल शंका असताना मुळीच नको. आमणेहून चढलात की इगतपुरीजवळचा सुमारे 8 किलोमीटरचा बोगदा लागतो. तिथे गाडी बंद पडली तर घाट बरा म्हणाल.

पंपाची तक्रार करायला दुसऱ्या दिवशी गेलो तर मॅनेजर उडवून लावत होता. तक्रार वही मागितली, तीत बिल नंबर आणि नोझल नंबर लिहिला, तेल कंपनीला फोन केला. कंपनीचा अधिकारी आला, पट्टीला पेस्ट लावून टाकीत सोडली, तळाचा भाग लाल होऊन बाहेर आला. ते नोझल त्याच वेळी बंद केलं गेलं. डिझेलचे पैसे परत मिळाले. दुरुस्तीच्या पैशांची लेखी मागणी दिलेली आहे, पोच घेतली आहे, आणि दाद लागली नाही तर ग्राहक हेल्पलाइन 1915 वर नोंद करून ग्राहक आयोगात जाणार आहे. तोवर बाटली, बिलं आणि काढलेला इंजेक्टर कपाटात ठेवलाय. तुमचंही असं झालं तर यातलं काही कोणाच्या हाती देऊ नका, पंपाला फक्त फोटो दाखवा.