तुलना कशाला करता?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितेय. कॉलेज रोडला चहा पिताना, लग्नाच्या पंगतीत, कुठेही हा प्रश्न येतोच, की तुम्ही नरसंहारांची तुलना करता म्हणजे काय, कुठे जास्त माणसं मेली ते मोजता का?

नाही हो. मारायला सुरुवात व्हायच्या आधी तिथे काय चाललं होतं, ते शेजारी शेजारी ठेवून बघायचं.

रवांडाचंच घ्या. १९९४ मध्ये साधारण शंभर दिवसांत किमान पाच लाख माणसं मारली, बहुतेक तुत्सी या अल्पसंख्य गटातली, आणि रस्ते अडवून उभे असलेले लोक आधी ओळखपत्र मागायचे, कारण बेल्जियमच्या राजवटीत १९३० च्या दशकात त्या कार्डावर हुतू की तुत्सी लिहायला सुरुवात झाली आणि स्वातंत्र्यानंतरच्या सरकारांनीही ते काढलं नाही. साठेक वर्षं तो शब्द लोकांच्या खिशात होता. हे वाचल्यानंतर वडिलांच्या विधीला रामकुंडावर गेले, गुरुजींनी वही उघडून पणजोबांची सही दाखवली, कूळ, गाव, सगळं नीट लिहिलेलं, दरवेळी भरून येतं तसं आलंच पण पोटात गोळाही आला.

इंडोनेशियात १९६५-६६ ला कम्युनिस्ट म्हणून लाखो लोक मारले, तिथेही कुणाला मारायचं त्याच्या याद्या होत्या. पण नरसंहाराची व्याख्या करणाऱ्या १९४८ च्या संयुक्त राष्ट्रांच्या करारात राष्ट्र, वंश, वर्ण, धर्म यांवरचेच गट आहेत, राजकीय गट मसुद्यातून गळले, सोव्हिएत युनियन आणि आणखी काही देशांना ते नकोच होते. म्हणजे पक्षाच्या नावावर मारलेला माणूस त्या व्याख्येत बसतच नाही! मला याचा अजून राग येतो. म्हणून बार्बरा हार्फ आणि टेड गुर या राज्यशास्त्राच्या अभ्यासकांनी अशा हत्यांसाठी पॉलिटिसाइड हा शब्द वापरला, आणि नरसंहार नि पॉलिटिसाइड दोन्ही एकत्र अभ्यासता यायला लागलं.

हार्फबाईंनी २००३ मध्ये १९५५ ते १९९७ मधल्या १२६ घटना तपासल्या, यादवी किंवा राज्यव्यवस्था कोसळणं असल्या. त्यातल्या ३५ ठिकाणी संहार झाला. तिथे काय दिसलं, तर आधी कधीतरी असंच घडून गेलेलं, अमुक लोक आपले नाहीतच म्हणणारी विचारसरणी सत्तेत, आणि सत्ताधाऱ्यांना अडवणारं कुणी नाही.

पण मला झोपू देत नाहीत ते उरलेले ९१. तिथेही हिंसा होती, द्वेष होता, तरी संहार झाला नाही. का नाही झाला? एकाच देशाकडे बघत बसलं तर हे कळायला मार्गच नाही, म्हणून तुलना.