गाडीच्या नाकावरचं गाव

श्टुटगार्टच्या नगरचिन्हात सोनेरी ढालीवर मागच्या पायांवर उभा राहिलेला काळा घोडा आहे. महापालिकेचं पत्र आलं की कोपऱ्यात तो दिसतो. हाच घोडा पोर्शेच्या बॉनेटवर अगदी मधोमध बसलेला आहे, आणि त्याच्या डोक्यावर शहराचं नावही लिहिलेलं आहे. भारतात पोर्शे पाहताना ही अक्षरं कधी वाचली नव्हती. इथे राहायला आल्यावर ती आपल्याच पत्त्यातली निघाली.

परंपरा सांगते की इ.स. ९५०च्या सुमारास श्वाबियाच्या लिउडॉल्फ नावाच्या ड्यूकने इथल्या खोऱ्यात घोड्यांची पैदास सुरू केली. घोड्यांची ती बाग म्हणजे ‘श्टूटेनगार्टन’, आणि त्यावरून श्टुटगार्ट. पोर्शेने हे चिन्ह घेतलं ते हजार वर्षांनी, १९५२मध्ये. न्यूयॉर्कचे आयातदार मॅक्स हॉफमन यांचा आग्रह होता की एवढ्या देखण्या गाडीला साजेसा बिल्ला हवा. कंपनीतले फ्रान्झ झेवर राइमश्पीस यांनी तो रेखाटला: मधे शहराचा घोडा, भोवती व्युर्टेमबर्ग राज्याची हरणाची शिंगं आणि लाल-काळे पट्टे. फर्डिनांड पोर्शे मूळचे श्टुटगार्टचे नव्हतेच. ते आजच्या चेक प्रजासत्ताकात असलेल्या बोहेमियातल्या माफर्सडॉर्फचे. १९३१मध्ये त्यांनी श्टुटगार्टात डिझाइनची कचेरी थाटली, आणि १९५१मध्ये ते वारले. वर्षभराने आलेल्या बिल्ल्यावर त्यांचं जन्मगाव नाही, कामाचं गाव आहे.

इथे आल्यावर मला या विषयाचं वेड लागलं ते यामुळेच. जर्मन गाडीच्या बिल्ल्यात देश शोधायला गेलं तर तो बहुधा सापडत नाही. सापडतं ते गाव, फार तर राज्य. जर्मनी एक देश झाला तो १८७१मध्ये. त्याआधी शतकानुशतकं छोटी राज्यं, ड्यूकांचे प्रदेश, स्वतंत्र शहरं होती, आणि माणसाची ओढ आधी त्या तुकड्याकडे असे. ती आजही आहे. आपण जसं आडनावाच्या शेवटी ‘कर’ लावून गाव सांगतो, तसं इथल्या कारखान्यांनी गाव बॉनेटवर लावलं.

बीएमडब्ल्यूचंच पाहा. इथे तिला ‘बे-एम-वे’ म्हणतात. नव्याने आलेल्या माणसाला आधी हे शिकावं लागतं. बायरिशे मोटोरेन वेर्के, म्हणजे बव्हेरियाचा इंजिन कारखाना. राज्य थेट नावातच आहे. १९१७मध्ये म्युनिकच्या राप मोटोरेनवेर्के या विमानांची इंजिनं बनवणाऱ्या कंपनीचं नाव बदलून ही कंपनी झाली. रापच्या चिन्हात काळं वर्तुळ होतं आणि आत घोड्याचं डोकं. वर्तुळ ठेवलं, घोडा काढला आणि त्या जागी बव्हेरियाचे निळा-पांढरा रंग भरले. पण व्यापारचिन्हात राज्याची अधिकृत खूण वापरायला कायद्याने मनाई होती, म्हणून रंगांचा क्रम उलटा केला. ५ ऑक्टोबर १९१७ रोजी चिन्हाची नोंदणी झाली.

मग विमानाच्या पंख्याची ती प्रसिद्ध गोष्ट कुठून आली? मीही ती लहानपणापासून ऐकत आले आहे: निळं आकाश आणि त्यात फिरणारा पांढरा पंखा. १९२९च्या एका जाहिरातीत विमानाच्या फिरत्या पंख्यावर हे चिन्ह दाखवलं होतं. म्हणजे चिन्ह आधी आणि पंखा बारा वर्षांनंतर. गोष्ट इतकी सुंदर होती की कंपनीनेही ती कित्येक वर्षं खोडून काढली नाही. मला मात्र खरी गोष्ट जास्त आवडते. कायद्याने अडवलं तरी आपल्या मातीचे रंग सोडायचे नाहीत, हवं तर उलटे लावू, हा हट्ट मला फार जवळचा वाटतो.

‘मान’ या ट्रक कंपनीच्या सिंहामागे असंच गाव आहे, पण ते दुसऱ्याचं. मान म्हणजे माशीनेनफाब्रीक आउग्सबुर्ग-न्युर्नबेर्ग. नावात दोन शहरं आहेत, पण सिंह या दोन्हींतला नाही. तो ब्राउनश्वाइगचा, हेन्री द लायन या मध्ययुगीन ड्यूकच्या शहराचा. तिथली ब्युसिंग ही ट्रक कंपनी आपल्या गाड्यांवर तो लावायची. १९७१मध्ये मानने ब्युसिंग विकत घेतली. ब्युसिंगचं नाव संपलं आणि सिंह मानच्या ट्रकांवर येऊन बसला. ऑटोबानवर मानचा ट्रक शेजारून गेला की मी त्याच्या जाळीवरचा सिंह शोधते.

या सगळ्यांत मर्सिडीज वेगळी. श्टुटगार्टची शान असलेल्या या गाडीच्या नावात श्टुटगार्ट नाही, जर्मन भाषाही नाही.

गोष्ट फ्रान्समधल्या नीसची आहे. एमिल येलिनेक हा ऑस्ट्रियन व्यापारी तिथे राहायचा, श्रीमंतांना डायमलरच्या गाड्या विकायचा आणि स्वतः शर्यतींत उतरायचा. शर्यतीत तो आपल्या मुलीचं नाव लावायचा: मसिय मर्सेडेस, म्हणजे श्रीयुत मर्सेडेस. ही मुलगी १८८९मध्ये व्हिएन्नात जन्मली. नाव स्पॅनिश, अर्थ कृपा. मार्च १९००मध्ये नीसजवळ ला तुर्बीच्या चढणीच्या शर्यतीत डायमलरचा चालक विल्हेल्म बाउअर गाडी खडकावर आदळून मरण पावला. तेव्हाच्या गाड्या उंच, अरुंद आणि नाकाकडे जड होत्या. कंपनीने शर्यतीच सोडाव्यात असा विचार सुरू झाला. येलिनेकने उलट सांगितलं: शर्यत सोडू नका, गाडी बदला. लांब, रुंद, जमिनीलगतची गाडी करा. त्याने एकदम ३६ गाड्यांची ऑर्डर दिली आणि नव्या इंजिनाला मुलीचं नाव द्यायची अट घातली. विल्हेल्म मायबाख यांनी ३५ अश्वशक्तीची ती गाडी घडवली. मार्च १९०१मध्ये नीसच्या शर्यतींत तिने सगळ्यांना मागे टाकलं. १९०२मध्ये मर्सिडीज नावाची नोंदणी झाली, आणि १९०३मध्ये बापानेच आपलं आडनाव येलिनेक-मर्सेडेस करून घेतलं. मुलीच्या नावाने ओळखला जाणारा बाप! ती मुलगी १९२९मध्ये, वयाच्या चाळिशीच्या आत, व्हिएन्नात वारली. तिच्याबद्दल फार कोणी बोलत नाही, याचं मला वाईट वाटतं.

मर्सिडीजच्या बिल्ल्यातली चांदणी मात्र घरची आहे. गॉटलीब डायमलर १८७०च्या दशकात कोलोनसमोरच्या डॉइट्झ इथल्या इंजिन कारखान्यात तांत्रिक प्रमुख होते. घरी पाठवलेल्या एका चित्रपत्रावर त्यांनी आपल्या घराच्या जागी चांदणी काढली आणि बायकोला लिहिलं, एक दिवस ही आपल्या कारखान्यावर चमकेल. ते १९००मध्ये गेले. पुढे चिन्ह शोधायची वेळ आली तेव्हा पाउल आणि आडॉल्फ या त्यांच्या मुलांना ती चांदणी आठवली. १९०९मध्ये तीन टोकांची आणि चार टोकांची अशा दोन्ही चांदण्या नोंदवल्या गेल्या. वापरात आली ती तीन टोकांची. जमीन, पाणी आणि हवा, तिन्हीकडे आपली इंजिनं चालतील, हे डायमलरांचं स्वप्न त्या तीन टोकांत वाचलं जातं.

चांदणीभोवती लॉरेलच्या पानांची माळ असते ती बेंझची, मानहाइमची. १९२६मध्ये दोन कंपन्या एक झाल्या आणि चांदणी माळेत बसली. बेंझ म्हटलं की कार्ल बेंझ आठवतात, पण ते नाव बेर्टाचंही आहे. लग्नाआधीच तिने आपल्या हुंड्याचे पैसे कार्लच्या कारखान्यात घातले, आणि भागीदाराच्या तावडीतून तो सोडवला. १८८८च्या ऑगस्टमध्ये दोन मुलांना घेऊन तिने नवऱ्याला न सांगता मानहाइमहून फोर्ट्सहाइमपर्यंत शंभरेक किलोमीटर गाडी नेली. वाटेत वीस्लोखच्या औषधांच्या दुकानातून इंधन म्हणून लिग्रोइन घेतलं. तो वाटमार्ग आता बेर्टा बेंझ यांच्या नावाने ओळखला जातो. कोणी नातेवाईक इकडे आले की माझा आग्रह असतो, किल्ले नंतर पाहू, आधी वीस्लोखला जाऊ.

आपल्याकडच्या जुन्या मंडळींना ही चांदणी मर्सिडीज कारच्या आधी ट्रकवर भेटली. १९५४मध्ये टाटांच्या टेल्को कंपनीने डायमलर-बेंझशी करार करून जमशेदपूरला ट्रक बनवायला सुरुवात केली, आणि १९६९पर्यंत त्या टाटा ट्रकांच्या तोंडावर तीन टोकांची चांदणी होती. श्टुटगार्टमध्ये आजही जुने लोक ‘मर्सिडीजमध्ये’ नोकरी करत नाहीत, ते ‘डायमलरकडे’ कामाला असतात. २०२२मध्ये कंपनीचं अधिकृत नाव मर्सिडीज-बेंझ ग्रुप झालं आणि डायमलर हे नाव ट्रकवाल्या कंपनीकडे राहिलं. लोकांच्या तोंडातून मात्र ते हललेलं नाही.

ऑडीची गोष्ट गाव सुटल्याची आहे, आणि मला ती सगळ्यांत जास्त चटका लावते. आउगुस्ट होर्ख यांनी १८९९मध्ये कोलोनला आपल्या नावाची कंपनी काढली आणि पुढे ती सॅक्सनीतल्या त्स्विकाउला नेली. संचालकांशी बिनसलं आणि १९०९मध्ये ते आपल्याच कंपनीतून बाहेर पडले. त्याच गावात त्यांनी दुसरी कंपनी काढली, पुन्हा आपलंच नाव देऊन. जुन्या कंपनीने दावा लावला आणि जिंकला. स्वतःचं आडनाव वापरायचा हक्क गेला. मित्र फ्रान्झ फिकेंटशर यांच्या घरी नव्या नावासाठी बैठक बसली होती. कोपऱ्यात त्यांचा मुलगा हाइनरिख लॅटिनचा अभ्यास करत होता. होर्ख म्हणजे जर्मनमध्ये ‘ऐक’. मुलगा म्हणाला, बाबा, हेच लॅटिनमध्ये का ठेवत नाही: आउडी! १९१०मध्ये ते नाव नोंदलं गेलं. कोर्टाने काढून घेतलेलं आडनाव दुसऱ्या भाषेत परत मिळालं.

चार वर्तुळं १९३२ची. मंदीत सॅक्सनीतल्या चार कंपन्या, आउडी, डेकावे, होर्ख आणि वांडरर, एकत्र आल्या आणि ऑटो युनियन झाली. जे होर्ख आणि आउडी कोर्टात भांडले होते, ते एकमेकांत अडकलेल्या वर्तुळांत शेजारी आले. १९४५नंतर सॅक्सनी सोव्हिएत अमलाखाली गेला आणि तिथले कारखाने काढून नेले गेले. पश्चिमेकडे आलेल्या माणसांनी १९४९मध्ये बव्हेरियातल्या इंगोलश्टाटमध्ये ऑटो युनियन पुन्हा उभी केली. त्स्विकाउच्या जुन्या कारखान्यांत पुढे पूर्व जर्मनीची ट्राबांट बनू लागली. तिचं नाव सोबती, उपग्रह अशा अर्थाचं, कारण १९५७मध्ये स्पुटनिक आकाशात गेला होता. आज ऑडी बव्हेरियाची मानली जाते. पण त्स्विकाउमध्ये होर्ख यांच्या नावाचं संग्रहालय आहे, आणि २०२१पासून तिथल्या फोक्सवॅगनच्या कारखान्यात ऑडीची एक विजेवरची गाडी पुन्हा बनते आहे. हे कळलं तेव्हा मला मनापासून आनंद झाला होता.

फोक्सवॅगनच्या बाबतीत मात्र सगळं उलटं. गावातून कारखाना निघाला नाही, कारखान्यासाठी गाव वसवलं गेलं. ‘लोकांची गाडी’ हे नाव नाझी राजवटीच्या योजनेतून आलं. १९३८मध्ये फालर्सलेबेनजवळ कोनशिला बसली. गाडीला काडीएफ-वागन म्हणत आणि गावाला काडीएफ-गाडीचं शहर. काडीएफ ही ‘आनंदातून शक्ती’ या नाझी संघटनेची आद्याक्षरं. लोकांनी आठवड्याला पाच मार्कांची तिकिटं चिकटवून पैसे भरले. तीन लाखांहून जास्त बचतदारांपैकी एकालाही गाडी मिळाली नाही, कारण युद्ध सुरू झालं आणि कारखान्यात वेठबिगारीला जुंपलेल्या हजारो माणसांकडून लष्करी सामान बनवून घेतलं गेलं. मे १९४५मध्ये गावाला जवळच्या जुन्या गढीवरून वोल्फ्सबुर्ग हे नाव मिळालं. कारखाना उभा राहिला तो ब्रिटिश लष्कराच्या देखरेखीखाली, मेजर आयव्हन हर्स्ट यांच्या प्रयत्नांनी. ‘व्ही’खाली ‘डब्ल्यू’ हे चिन्ह राहिलं, भोवतीचं दातेरी चक्र गेलं. ही गोष्ट मुलांना सांगताना मी काही गाळत नाही. कारखान्याच्या आवारातल्या जुन्या तळघरात वेठबिगारांचं स्मारक आहे, तेही दाखवायला हवं.

ओपेल मी थोडक्यात सांगते: आडाम ओपेल यांनी १८६२मध्ये र्युसेल्सहाइमला शिवणयंत्रं बनवायला घेतली, मग सायकली आल्या. गाड्या १८९९मध्ये सुरू झाल्या, तेव्हा ते हयात नव्हते. धंदा त्यांची बायको सोफी आणि पाच मुलं सांभाळत होती. विजेची रेघ पुढची, त्यांच्या ‘ब्लिट्झ’ नावाच्या ट्रकच्या आठवणीतली.

आणि आता एक नाव, जे इथल्या तरुण जर्मनांना सांगितलं की ते चकित होतात. हांबुर्गच्या हार्बुर्ग भागात विडाल उंड सोन नावाची कंपनी होती. ती स्वस्त, दणकट तीनचाकी मालगाड्या बनवायची, आणि गाड्यांचं नाव होतं टेम्पो. १९५८मध्ये नवलमल फिरोदिया यांनी त्या कंपनीच्या सहकार्याने बजाज टेम्पो सुरू केली. आधी मुंबईत गोरेगावला आणि मग पुण्याजवळ आकुर्डीला तिच्या गाड्या बनू लागल्या. जर्मनीत साठच्या दशकात विडालची कंपनी हानोमागकडे गेली, पुढे ती डायमलर-बेंझमध्ये मिसळली, आणि टेम्पो गाडी रस्त्यावरून नाहीशी झाली. इथे आज ‘एक टेम्पो दे’ म्हटलं तर समोरचा माणूस खिशातून नाक पुसायचा कागदी रुमाल काढून देतो, कारण त्या नावाचा रुमाल घराघरात आहे. २००५मध्ये बजाज टेम्पोही फोर्स मोटर्स झाली. पण भाजीबाजारापासून गणपतीच्या मिरवणुकीपर्यंत माल वाहणारी कुठलीही छोटी गाडी, टाटाची असो की महिंद्राची, आपण तिला आजही हार्बुर्गच्याच नावाने हाक मारतो.