त्या दिवशी अर्थ का सांगितला नाही

बेळगावात गणपत गल्लीत काकड्या निवडत असले तरी कुणीतरी थांबवतंच. "टीचर, त्या गाण्याचा अर्थ तुम्हाला माहीत होता म्हणे? मग डोहाळजेवणात सांगितला का नाही?" विचारणाऱ्याला अर्धी हकीकत ठाऊक असते आणि उरलेली त्यानं आपल्या आवडीप्रमाणं जोडलेली असते. गाणं म्हणणाऱ्या पोरीचं हसं व्हावं म्हणून मी मुद्दाम गप्प बसले, असंही एका घरी बोलणं झाल्याचं कानावर आलं. म्हणून एकदाच लिहून टाकते.

गाणं कन्नड कवी द. रा. बेंद्र्यांचं, 'नी हिंग नोडब्याड नन्न'. नको बघूस अशी माझ्याकडं. तू अशी बघितलीस तर मी परत तुझ्याकडं कसं बघू? एवढं आपल्या गल्लीत सगळ्यांना कळतं, कारण ते पुस्तकी कन्नडात नाहीच. धारवाडकडची बोली, आपण भाजीबाजारात ऐकतो तसली. बोली ओळखीची, चाल हळवी, नवरा बायकोशी बोलतोय, झालं प्रेमगीत! कन्नड घरांतसुद्धा पुष्कळजण ते तसंच ऐकतात. खरं म्हणजे बेंद्र्यांचं मूल गेलं, त्या वेळची ती कविता. बायको समोर आहे, रडत नाही, नुसती बघते आहे. पुढं एके ठिकाणी पौर्णिमेच्या चंद्राचं प्रेत भरदिवसा आभाळात तरंगत येतं. शेवटी तो तिला म्हणतो, रडायचं तर रडून घे, हसून दुःख कशाला झाकतेस? माझं माहेर सौंदत्तीकडचं आणि कॉलेज धारवाडला झालं, त्यामुळं हे मला विशीतच माहीत झालं होतं.

आता तो दिवस. शेजारच्यांची सून गडहिंग्लजची. लग्न होऊन इकडं आल्यावर भाजीवाल्याशी बोलण्यापुरतंही कन्नड येईना म्हणून रडकुंडीला आलेली मी तिला पाहिली आहे. तीच पोर सातव्या महिन्यात फुलांची वाडी घालून झोपाळ्यावर बसली होती. ओटी भरून झाली होती. दोन वाट्या झाकून तयार होत्या, एकीत पेढा, एकीत बर्फी. ताटात कुंदा होता आणि त्यावर माशी बसू नये म्हणून एक लहान मुलगी वहीनं वारा घालत होती. कुणाच्या तरी मावशीनं 'मोगरा फुलला' म्हटलं. इवलंसं रोप, गगनावर गेलेला वेल... सगळ्या बायका सुनेच्या पोटाकडं बघून हसल्या. मग सूनच म्हणाली, "मी एक कानडी गाणं शिकलेय, म्हणू?"

सासूचा चेहरा असा फुलला की सांगता सोय नाही.

तिनं पहिली ओळ घेतली आणि माझ्या हातातला कुंदा तसाच राहिला. आवाज गोड, उच्चार गडहिंग्लजचे. पहिलं कडवं झालं. माझ्या पलीकडं एक अक्का बसल्या होत्या, कन्नड शाळेतून निवृत्त झालेल्या. त्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि मी त्यांच्याकडं पाहायचं टाळलं. तेवढ्यात कुणीतरी ओरडलं, "अर्थ सांगा की टीचर! आम्हालाही कळू दे." सून गायची थांबली आणि माझ्याकडं बघायला लागली. आपण किती अवघड गाणं शिकलो ते टीचरांच्या तोंडून सगळ्यांना कळेल, असा भाव.

मी म्हणाले, "नवरा बायकोला म्हणतोय, अशी बघू नकोस माझ्याकडं, मला तुझ्याकडं बघवत नाही."

हशा पिकला. नवऱ्याला आतल्या खोलीतून ओढून आणलं, बळंच झोपाळ्याशेजारी उभं केलं. त्या हशात सगळ्यांबरोबर मीही हसले. सून पुढचं कडवं घेणार, एवढ्यात मी वाट्या पुढं सरकवल्या. "आधी हे उघड बाई, सगळ्या ताटकळल्यात." बर्फी निघाली. गाणं राहिलं ते राहिलंच.

निघताना दारात अक्का चप्पल शोधत होत्या. म्हणाल्या, "ह्यांग सुम्न कूत्री, टीचर?" कशा गप्प बसलात? कौतुकानं विचारलं की रागानं, ते मला त्यांच्या आवाजावरून उमगलं नाही. त्या आता मुलाकडं हुबळीला असतात. विचारायचं राहून गेलं.

तर उत्तर हे: मी खोटं बोललेले नाही. बोलले तो शब्द न् शब्द गाण्यात आहे. हे वाक्य मी इतक्यांदा म्हटलंय की आता माझं मलाच वकिली वाटतं. पण तुम्ही सांगा, काय करायला हवं होतं? सात महिन्यांच्या पोटुशीला, डोक्यात मोगऱ्याच्या माळा असताना, पन्नास बायकांसमोर सांगायचं की बाई, हे गेलेल्या लेकराचं गाणं आहे? आपल्याकडच्या बायका पुढं काय काय बोलल्या असत्या ते तुम्हाला माहीत आहे. बाळंतपणात साधी कळ उशिरा आली असती तरी त्या गाण्यावर खापर फुटलं असतं, गाण्यावरून शिकवणाऱ्यावर, आणि शेवटी कानडीवर. सगळं सुखरूप झालं. मुलगी झाली, आता ती शाळेत जाते.

माझी दुसरी बाजू अशी, की त्याच झोपाळ्यापुढं 'मोगरा फुलला' झालं तेव्हा कुणी मला अर्थ विचारला नाही. ज्ञानेश्वरांच्या मनात काही कुणाच्या सुनेचं पोट नव्हतं. 'घनु वाजे घुणघुणा' आपण प्रियकराची वाट बघणाऱ्या बाईचं म्हणून ऐकतो आणि तो कान्हा भवतारकु आहे हे शब्द चक्क कानावरून जाऊ देतो. ऐकणाऱ्याला गाण्यात आपलं काहीतरी ठेवायचा हक्क आहे, असं मी हल्ली म्हणते. हल्ली. मराठी शिकवत होते तेव्हा 'कवीला काय म्हणायचे आहे?' या प्रश्नाला ज्यानं आपल्या मनचं लिहिलं त्याचे गुण मी लाल शाईनं कापले आहेत. तेव्हाची ती शिकवणारी बाई आज भेटली तर माझं हे सगळं उत्तर खोडून 'विषयांतर' असा शेरा मारेल. आणि मला वाटतं तिचं थोडं तरी बरोबर आहे. मोगऱ्याचा वेल कुणी पोटाला लावला तर कुणाचं काही जात नाही. इथं एका बापानं आपलं मूल पुरून, किंवा जाळून, नंतर हे शब्द लिहिलेत. त्यावर नवऱ्याची चेष्टा करून हसायचा हक्क ऐकणाऱ्याला कुणी दिला? मी दिला. त्या दिवशी तरी.

दोन्ही बाजूंनी बोलणारे आहेत, त्यांच्यापुढं मात्र मी नमतं घेणार नाही. आमच्या नात्यातले एकजण म्हणाले, "डोहाळजेवणात कानडी गाणं म्हणायचंच कशाला? आपल्यात काय कमी आहेत?" आणि एक कन्नड ओळखीचे म्हणाले, तुम्ही मराठी लोक आमचा कवी न समजता गाता. आमचा म्हणजे कुणाचा? ज्यांना १९७३ चं ज्ञानपीठ कन्नड कवितेसाठी मिळालं त्या बेंद्र्यांच्या घरात मराठी बोलत. त्यांची कविता गडहिंग्लजच्या पोरीनं बेळगावच्या झोपाळ्यावर म्हटली तर कुणाची सरहद्द ओलांडली गेली? असो. हा विषय निघाला की माझा आवाज चढतो.

खरी बोच वेगळीच आहे. दोन-तीन वर्षांनी सून एका संध्याकाळी फोन हातात घेऊनच आली. कुणीतरी त्या कवितेची गोष्ट सांगणारा व्हिडिओ पाठवला होता. बसलीसुद्धा नाही.

"काकू, तुम्हाला माहीत होतं?"

"होय."

"आणि अक्कांना?"

"त्यांनाही."

"म्हणजे सगळ्या हसत होत्या तेव्हा तुम्ही दोघी मला बघत होतात."

मी म्हणाले, तुझ्यासाठीच गप्प बसले ग. ती म्हणाली, "त्या दिवशीचं समजू शकते. दुसऱ्या दिवशी का नाही सांगितलंत? बारशाला? त्यानंतर मी ते किती ठिकाणी म्हटलं, तुम्ही समोर होतात."

याला माझ्याकडं उत्तर नव्हतं, आजही नाही. म्हणजे आहेत, पण एकही धड नाही. बाळंतपण झालं, बारसं झालं, मग तिनं गाऊन गाऊन ते गाणं असं आपलंसं केलं की सांगायचं म्हणजे तिच्या हातातून काढून घेण्यासारखं वाटायला लागलं. मुलीला झोपवताना ती ते म्हणायची. भिंतीपलीकडून मला ऐकू यायचं. मला ते ऐकवत नव्हतं आणि तिला थांबवायचंही नव्हतं. यालाच तुम्ही भित्रेपणा म्हणत असाल तर म्हणा, पण तुमच्यातलं कोण उठून गेलं असतं सांगायला?

मध्ये काही महिने ती आमच्याकडं फिरकली नाही. आता येते. गाणं तिनं सोडलेलं नाही, उलट पुरतं शिकली आहे, त्या चंद्राच्या कडव्यासकट. आता आधी मूल गेल्याचं सांगते आणि मगच म्हणते. मला विचाराल तर तसं ते जड होतं, ऐकणारे पहिल्या ओळीलाच डोळे पुसायला तयार होऊन बसतात. हे मी तिला बोलून दाखवलं. ती म्हणाली, "बसू देत की." आमचं यावर जमलेलं नाही आणि जमेलसं दिसत नाही. तेव्हा यापुढं कुणाला विचारायचं असेल तर तिला विचारा. ती माझ्यापेक्षा चांगलं सांगते, आणि माझी बाजू अजिबात घेत नाही.