फ्लामेंकोचे माहेर

रविवार, रात्री उशिरा

आजच्या कार्यक्रमात कथक आणि फ्लामेंको, म्हणजे स्पेनमधील नृत्य-गायनाची कला, यांची जुगलबंदी रंगली आणि निवेदकांनी ठेवणीतले वाक्य काढले, की फ्लामेंको म्हणजे कथकचीच स्पेनमध्ये दिलेली लेक. टाळ्याही भरपूर पडल्या. दोन्हींकडे पायांचे काम आहे, गिरक्या आहेत, तालाशी चाललेली झटापट आहे, त्यामुळे नाते जुळवण्याचा मोह होतो हे मान्य; परंतु सनावळी मांडून पाहिली की ही सोयरीक टिकत नाही. आपण आज ज्याला कथक म्हणतो त्याचे रूप प्रामुख्याने लखनौ आणि जयपूरच्या दरबारांत, अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत घडले. स्पेनमधील हितानो, म्हणजे तेथील रोमा लोक, यांच्या पूर्वजांनी वायव्य भारत सोडला तो सुमारे हजार वर्षांपूर्वी. जी गोष्ट अजून घडायचीच होती ती त्यांनी गाठोड्यात बांधून नेली, असे कसे म्हणावे?

भारताचा धागा खोटा मात्र नाही. तो नाचात नसून माणसांत आणि त्यांच्या भाषेत आहे. रोमानी भाषेतले अंक आणि नाक, कान यांसारखी अवयवांची नावे भारतीय आर्य भाषांशी सरळ जुळतात. १४२५ मध्ये आरागॉनचा राजा पाचवा आल्फोन्सो याने अशा एका टोळीच्या नायकाला प्रवासाचा परवाना दिला, ही त्यांच्या आगमनाची स्पेनमधील पहिली लेखी नोंद मानतात. पाहुणचार फार दिवस टिकला नाही. १४९९ च्या फर्मानाने त्यांना स्थिर धंदा धरा नाही तर देश सोडा असे बजावले, आणि जुलै १७४९ मध्ये सहाव्या फर्दिनांदच्या कारकिर्दीत, मंत्री एन्सेनादा याच्या योजनेनुसार, देशभर एकाच वेळी धाडी घालून हजारो हितानो पकडले गेले. पुरुषांना आरमाराच्या गोद्यांत सक्तमजुरीला धाडले, बायकामुलांना वेगळे कोंडले. कित्येकांची सुटका व्हायला दीड दशक लागले.

दक्षिण स्पेनमधील त्रियाना, हेरेस आणि कादिस येथील ज्या वस्त्यांत ही कला पुढे आकाराला आली, तेथे या आठवणी ताज्या होत्या. लोहारकाम हा तेथील हितानोंचा एक प्रमुख व्यवसाय, आणि ‘मार्तिनेते’ हा गानप्रकार भट्टीशी जोडलेला आहे. त्याला गिटार नसते. गायक एकटाच, फार तर ऐरणीवर हातोड्याचा ठोका. आणि शब्द तुरुंगाचे, बेड्यांचे, आईच्या विरहाचे. ज्यांना फ्लामेंको म्हणजे झालरींचा झगा आणि हातातल्या चिपळ्या एवढेच ठाऊक आहे, त्यांनी आधी हा प्रकार ऐकावा. (त्या चिपळ्या, म्हणजे कास्तान्युएला, मुळात स्पेनच्या इतर नृत्यांच्या, फ्लामेंकोत त्या पाहुण्याच.)

तरीही ही केवळ हितानोंची निर्मिती म्हणता येणार नाही. आंदालुसियात, म्हणजे याच दक्षिण भागात, कित्येक शतके मुस्लिम राजवटी नांदल्या, १४९२ मध्ये ग्रनाडा हे त्यांचे शेवटचे राज्य पडले, त्याच वर्षी ज्यूंना हाकलले गेले आणि १६०९ पासून मोरिस्कोंना, म्हणजे ख्रिस्ती व्हायला भाग पाडलेल्या मुस्लिमांच्या वंशजांना. सोळाव्या शतकातल्या सेव्हिया शहरात गुलाम म्हणून आणलेल्या आफ्रिकी लोकांची मोठी वस्ती होती. क्युबा आणि दक्षिण अमेरिकेशी जहाजांची ये-जा होती, आणि तिकडून परतलेल्या चालींचा ‘ग्वाहिरा’सारखा वेगळा वर्गच फ्लामेंकोत आहे. कोमल रिषभावरून षड्जावर उतरणारी फ्लामेंकोतली सुरावट आपल्या कानाला भैरवीची आठवण करून देते, हे खरे. पण तीच उतरंड युरोपातल्या जुन्या चर्चसंगीतात आहे, आणि तिचे चुलतभाऊ अरबी संगीतातही आहेत. सुरांवरून कुळी ठरवू गेल्यास प्रत्येक जण आपापला दावा सांगत येईल.

मला खरा आनंद दिला तो तालाने. घरी आल्यावर टेबलावर बोटांची पेरे आपटीत ‘बुलेरिया’ हा फ्लामेंकोचा प्रकार मोजत बसलो. मात्रा बारा, मोजणी बारापासून सुरू, आणि आघात बारा, तीन, सहा, आठ व दहा यांवर; म्हणजे दोन वेळा तीन-तीन आणि मग तीन वेळा दोन-दोन. आपल्या हाताला समेवर येऊन विसावण्याची सवय, तर इथे वाक्य दहाव्या मात्रेवर संपते आणि अकरा-बारा हे जणू श्वास घ्यायला ठेवलेले. ‘सोलेआ’ बहुतांशी याच आघातांवर, पण संथ लयीत चालते. ‘सिगिरिया’त हेच चक्र वेगळ्या जागेपासून उचललेले असते: दोन, दोन, तीन, तीन, दोन. जागा बदलली आणि तोच हिशेब शोकगीत झाला. टाळ्या देणाऱ्यांपैकी एक आघात धरतो, दुसरा त्यांच्या मधल्या फटी भरतो, आणि दोघांपैकी कोणीही चुकला तरी नर्तकी अडखळते. अशी सूक्ष्म गणिते कोणाची उसनवारी म्हणून सांगणे मला त्या वस्त्यांवर अन्याय वाटते.

शुद्धतेची चिंताही या कलेइतकीच जुनी आहे. १८८१ मध्ये सिल्वेरियो फ्रांकोनेत्ती याने सेव्हियात आपला गाण्याचा कॅफे काढला. त्याचे वडील इटालियन, आणि गाणे तो शिकला एल फियो या हितानो गायकाकडून. त्याच वर्षी लोकसाहित्याचे अभ्यासक आंतोनियो माचादो इ आल्वारेझ यांनी फ्लामेंको गीतांचा संग्रह प्रसिद्ध केला आणि हे कॅफे हितानोंचे गाणे मारून टाकतील, अशी भीतीही व्यक्त केली. पुढे जून १९२२ मध्ये संगीतकार मानुएल दे फाया आणि तरुण कवी लोर्का यांनी ग्रनाडाच्या आल्हाम्ब्रा राजवाड्यात गानस्पर्धा भरवली, ती याच धास्तीने. व्यावसायिकांना मज्जाव होता. बक्षीस पटकावणाऱ्यांत एल तेनाझास नावाचे एक वृद्ध होते आणि मानोलो काराकोल हा कोवळा मुलगा, जो मोठेपणी रंगमंचावर आणि चित्रपटांत गाजलेला व्यावसायिक गायक झाला! आयोजकांना हे आवडले असेल असे वाटत नाही. मला मात्र यात काहीच वावगे दिसत नाही, कारण कॅफे नसते तर गिटारवादन इतके पुढे गेले नसते आणि नाचणाऱ्यांना पोटापाण्याची सोय लाभली नसती.

आज मंचावर तालासाठी जी लाकडी पेटी होती, जिच्यावर बसूनच ती वाजवतात, त्या काहोनची गोष्टही याच जातीची. ते पेरूतील आफ्रिकी वंशाच्या लोकांचे वाद्य, सामानाच्या खोक्यांतून जन्मलेले. फ्लामेंकोचे गिटारवादक पाको दे लुसिया यांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीस पेरूच्या दौऱ्यात ते ऐकले आणि आपल्या वाद्यवृंदात आणले. युनेस्कोने २०१० मध्ये फ्लामेंकोला मानवाच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिले, तोवर ही पेटी त्यात इतकी मुरली होती की शेजारी बसलेल्या रसिक गृहस्थांनी आज तिची ओळख मला ‘त्यांचे प्राचीन वाद्य’ अशी करून दिली.