पळी

ती पळी काही डोक्यातून जात नाहीये. 'कमिंग होम' हा चिनी सिनेमा संपला, ओटा पुसला, आडवी झाले, तरी पळीच.

माओच्या काळातली सांस्कृतिक क्रांती, म्हणजे शिकल्यासवरल्यांची धरपकड, संपल्यावर लू यानशी इतक्या वर्षांनी कैदेतून सुटून घरी येतो आणि आठवण गेलेली बायको त्याला ओळखत नाही. उलट फांग नावाचा दुसराच माणूस समजून हाकलते. त्या फांगने तिला किती छळलं ते सिनेमा धड सांगतही नाही. नुसतं कळतं. मग लू पळी घेऊन फांगच्या घरी जातो. वाटलं, आता मारणार. निदान दारावर तरी आपटणार! तर आत फांगची बायको. तिच्या नवऱ्यालाही उचलून नेलंय, आणि ती यालाच ओरडतेय. लू आल्या पावली परत.

मला इतका राग आला. ओरड ना रे!

आधी वाटलं, सेन्सॉरची भीती. याच दिग्दर्शकाच्या, झांग यिमूच्या, 'टू लिव्ह'ला १९९४ साली कान महोत्सवात पारितोषिक मिळालं आणि चीनमध्ये बंदी आली. त्यात बाळंतपणात मुलगी जाते, कारण त्याच क्रांतीत जाणते डॉक्टर कोंडून ठेवलेले. कसाबसा आणलेला उपाशी प्रोफेसर पावांवर तुटून पडतो आणि ऐन वेळी निकामी होतो. त्याला खाताना बघून आधी हसूच येतं, आणि मग स्वतःचीच लाज. वीस वर्षांनी, २०१४ मध्ये, झांगने 'कमिंग होम'साठी मूळ कादंबरीचा फक्त शेवटचा भाग घेतला. कैदेतली वर्षं वगळूनच टाकली. म्हणजे संयम की सावधपणा? दोन्ही असेल. पण लूने पळी मारायची तरी कुणाला? त्या बाईला? पटतं. राग मात्र जात नाही.

खरं सांगायचं तर राग लूचा नाहीच. लूची बायको झालेली गोंग ली गप्प बसली की कॅमेरा तिच्या चेहऱ्यावर थांबतो. मी गप्प बसले की घरात टीव्हीचा आवाज वाढतो. इतकी वर्षं गिळलेलं... जाऊ दे. आईंचा विषय आज नको.

आणि ती लूची मुलगी, दानदान! बॅलेतल्या मुख्य भूमिकेसाठी बापाला पकडून देणारी. पुढे कधीतरी ती कबूल करते, तर बाप म्हणतो, मला माहीतच होतं. संपलं. मी असते तर महिनाभर अबोला धरला असता, आणि तो सगळ्यांच्या लक्षात येईल याची नीट काळजी घेतली असती.