आज अजिंठा, आईसोबत

कितीतरी वर्षं आईला अजिंठ्याला न्यायचं ठरत होतं. आज जमलं.

१ नंबरच्या लेण्यात बोधिसत्त्व पद्मपाणीच्या भित्तिचित्रासमोर गर्दी होती. अंधाराला डोळे सरावले तसा हातातलं निळं कमळ, झुकलेल्या पापण्या हळूहळू दिसू लागल्या. दीड हजार वर्षांपूर्वीचे रंग! १० नंबरचं लेणं तर त्याहून कितीतरी जुनं, इसवी सनापूर्वीचं. १८१९ मध्ये शिकारीला आलेल्या जॉन स्मिथ या ब्रिटिश अधिकाऱ्याने त्याच्या खांबावर स्वतःचं नाव कोरलं. त्यानंतर आलेल्यांनीही चित्रांवर नावं ओरबाडलीत, ते पाहून खरंच जीव तुटतो. १९८३ पासून हा जागतिक वारसा आहे, पण जपायचा तर आपणच ना?

आई मात्र २६ नंबरमध्ये खिळून राहिली. डाव्या भिंतीवर महापरिनिर्वाणाचं, म्हणजे बुद्धांच्या देहत्यागाचं शिल्प. सुमारे सात मीटर लांब, उजव्या कुशीवर पहुडलेले बुद्ध. डोक्याखालची उशी दगडाची, तरी डोक्याच्या भाराने दबल्यासारखी वाटते. खाली शोकात बुडालेले शिष्य.

"झोपलेत असंच वाटतंय रे," आई हळूच म्हणाली. मग बराच वेळ ती त्या पावलांपाशी हात जोडून उभी होती. मी फोटो काढला नाही.